पायाचा अंगठा

५ जाने.
महाडच्या दवाखान्यातल्या मॅडमनी लिहायला सांगितलंय. रोज चार ओळी, खरं तेच. तर खरं हे, की रात्रभर डोळा नाही. दसऱ्याला जीपच्या टपावर पोती बांधताना डोक्यावर पडलो. मेंदूला सूज आली, उतरली, टाके सुकले. झोप काही परत आली नाही. लागते न लागते तोच दचकून जाग. परत तेच.
गोळ्यांपेक्षा बोलून उपचार करू, असं मॅडम बोलल्या. बोलून झोप येत असती तर आमच्या वाडीतल्या बायका बारा महिने घोरत पडल्या असत्या.

८ जाने.
चुलतभाऊ सुऱ्या सकाळी जीप घेऊन गेला. पहिल्याच चढाला गिअर असा ओरबाडला की माझे दात आंबले. माझी गाडी, माझी सीट, आणि मी दारात शाल पांघरून! मोठ्या डॉक्टरांनी बजावलंय, झोप सुधारेपर्यंत स्टेअरिंगला हात नाही. म्हणून तर दर आठवड्याला कुडपणहून महाड गाठतोय. नाहीतर कोण जातंय गप्पा मारायला.

१२ जाने.
मॅडमचे कायदे. दिवसा अंग टाकायचं नाही. डोळे जड झाल्याशिवाय खाटेवर जायचं नाही. जाग राहिलीच तर खाट सोडून उठून बसायचं.
इथे बघायला येणारा प्रत्येक जण, "पड रे जरा, पड." आई तर उशी घेऊन मागे. "डोक्याला लागलेला मानूस, बसतोस काय असा?" ओरडलो तिच्यावर. आतून मंदा बोलली, "अहो, हळू. पोरगी दचकते." पडल्यापासून आवाज चढलेलाच असतो. मग बायकोसमोर लाज वाटते.

१६ जाने.
मूर्खपणा. सुऱ्या जेवत होता, चावी उचलली. देवळाच्या वळणापर्यंतच जायचं होतं. वळण दिसलंच नाही. डोळे उघडे होते की मिटलेले, देव जाणे. पुढचं चाक गटारात. गाडीत दुसरं कोणी असतं तर...
सुऱ्याने चावी खिशात टाकली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ जाने.
मॅडमना वळणाचं सांगून टाकलं. "रामभाऊ, डोळा लागायला लागला की मनात पहिलं काय येतं?" काही नाही, बोललो. "बरं," आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बाई लिहायला लागली की घाम फुटतो मला.
येताना पोलादपूर स्टँडवर चहा घेतला आणि एकदम आठवलं. बाबा. बैलाने उडवलं, डोकं दगडावर आपटलं, चालत घरी आले, "जरा पडतो" बोलले. उठलेच नाहीत. मी पण तसाच झोपलो आणि उठलो नाही तर...
चहा तसाच राहिला.

२१ जाने.
सापडलं!
पुढच्या खोलीत मी खाटेवर, आई खाली गोधडीवर. काल नुसता डोळे मिटून होतो. कोणीतरी पायाचा अंगठा धरला. हललो नाही. मग जोरात दाबला. पाय ओढला तशी आई गुपचूप आपल्या जागेवर. म्हणजे इतके दिवस आपोआप जाग येते म्हणून मी मॅडमना सांगतोय, ती ही!
सकाळी धरलं तिला. डोकं फिरलं होतं माझं. "तूच माझी झोप खाल्लीस."
"दवाखान्यातनं सोडला तवा डाक्टर काय बोल्ला? रातचा उठवून बघत जा. आता बंद कर, असा कोन बोल्ला मला? बोल ना."
कोणीच नाही. पहिल्या दोन रात्रींपुरतं होतं ते.
"तुझ्या बापाला मी नाय उठवला रे," बोलली आणि चुलीकडे गेली. पुढे काय भांडणार.

२७ जाने.
आईला महाडला नेलं. घाटात गाडी लागली तिला. मॅडमनी माझ्याआधी तिलाच बसवलं. "आजी, सूज गेलीय. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. आता झोपू दिलं तरच बरा होईल."
"आनि नाय उठला तर तुमी येनार काय कुडपनला?"
मॅडम हसल्या नाहीत. "एक रात्र हात लावू नका. वाटलं तर जवळ बसा."


२८ जाने.
वाट बघत पडलो. आता दाबेल, आता दाबेल. एकदा उठून पायरीवर बसलो, थंडीने परत आलो. मग काही कळलं नाही.
डोळे उघडले तर अंगणात ऊन. आई पायाशी बसलेली, दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून, डोळे लाल. "नाय लावला हात," बोलली.
मला रडू आलं. लिहायला कसली लाज.
बाहेर सुऱ्याने गिअर ओरबाडलाच. चावी मागितली नाही. एका रात्रीने काय होतंय.
आईला माझ्याच खाटेवर आडवं केलं. लगेच डोळा लागला तिचा. तोंड उघडं, हालचाल नाही. छाती वरखाली होतेय का, गोधडीखाली नीट दिसेना. मंदा हाका मारतेय, चहा झालाय. येतो बोललो आणि तिथेच बसलोय. हात दोनदा तिच्या अंगठ्यापर्यंत गेला. म्हणून वही घेतली. हात कशात तरी गुंतलेला बरा.