दोन शून्यांतलं किमान अंतर

४ जून, सकाळी ६.१०
नियम सापडला. झीटा फंक्शन जिथे जिथे शून्य होतं, त्या पहिल्या दहा हजार जागांची छापील यादी तीन वर्षं वाचतोय. शेजारच्या दोन जागा ठराविक अंतरापेक्षा जवळ येतच नाहीत. पदवीवाल्यांना दिसलं नाही, कारण ते वाचत नाहीत, चाळतात. मी सत्तावीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासतोय. यादीची छपाई मात्र गचाळ. चौदा ठिकाणी जवळपास तोच आकडा लागोपाठ दोनदा. दुसरा लाल पेनाने उडवला.

७ जून
कन्येचा पीएच.डी.चा विषय रँडम मॅट्रिक्स. म्हणजे चौकटीत वाट्टेल ते आकडे भरायचे आणि उत्तर झीटाच्या शून्यांशी जुळलं की नाचायचं. तिचं म्हणणं, शून्यं एकमेकांपासून अंग चोरून असतात, पण क्वचित दोन अगदी खेटतात. किती जोड्या खेटतील, याचा अंदाज मॅट्रिक्स देतात. म्हटलं, माझ्याकडे एकही नाही. यादी मागितली. दिली नाही. पानं दुमडते.
प्रबंधाची प्रुफं मला दाखवलेली नाहीत. नको दाखवू. मला वेळ कुठे आहे.

१० जून
तिच्या गाइडबाईंना नियम पाठवला. सोबत त्यांच्या पेपरातल्या स्वल्पविरामाच्या एकोणीस चुका. बायको म्हणाली, अहो, पोरीचा प्रबंध तरी जमा होऊ द्या. गणितात नाती आणते.

१५ जून
बाईंनी यादीसकट बोलावलंय. संकल्प: पहिली पाच मिनिटं नम्र राहणे.

१६ जून, दुपारी ३
शिपायाने पालकांच्या बाकावर बसवलं. अडाणी.
बाईंनी नियम वाचलाच नाही. लाल रेघाच बघत बसल्या. सात हजार पाचच्या पुढच्या रेघेवर बोट ठेवून कन्येला बोलावलं. ही फार प्रसिद्ध जोडी आहे म्हणे. दोन वेगळी शून्यं, मी त्यातलं एक खोडलेलं. इतर तेराही तशीच. कन्येने वही काढली. तिच्या अंदाजात अशा जोड्या चौदाच्या आसपास. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
म्हणालो, छपाई तरीही संशयास्पद आहे.

१७ जून
नियम रद्द. सध्यापुरता.
संध्याकाळी कन्येने प्रबंधाची प्रुफं टेबलावर ठेवली. म्हणाली, बाबा, नीट बघा, पण काही उडवू नका, नुसती खूण करा. लाल पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली. टोकही तिनेच केलेलं.
पहिलंच पान आभारांचं. त्यात ‘बाबा’ लागोपाठ दोनदा. चूकच आहे.
खूण केली नाही.