पहिल्या नंबरातून मुलीचं नाव काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प समन्वयक साहेब,
बालमन मोबाईल उपचार प्रकल्प,
दौंड-शिरूर विभाग, दौंड.

विषय : कु. राजनंदिनी हिचा प्रजासत्ताकदिनी ठरवलेला सत्कार रद्द करून कासुर्डी फाट्यावरचा फ्लेक्स उतरवणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचा अभिनंदनाचा मेसेज, दि. १७ जानेवारी २०२५.

महोदय,

अर्जदार शितल मच्छिंद्र आखाडे, राहणार कासुर्डी, ही यवतला ढाब्यावर भाकऱ्या थापते. शाळा आठवीत सुटली, पुढचं लिहायला-वाचायला ती आपलं आपण शिकली. त्यामुळे अर्जात साहेबी भाषा कमी पडेल, खरं कमी पडणार नाही.

अर्जदाराची मुलगी राजनंदिनी, इयत्ता पाचवी, हिला मंत्रचळाचा आजार आहे. हात धुतले नाहीत तर आईला काहीतरी होईल असं तिच्या मनात येतं, आणि कातडी फुटेपर्यंत ती हात धूत बसते. आईच्या पिठाच्या हातची भाकरी खात नव्हती. शेजारच्या सरूबाई म्हणायच्या, "लई सोवळी पोर हाय गं तुझी!" सरूबाईंना कळलं नाही, चालतं. आपल्या तर दारावर 'तज्ज्ञ' अशी पाटी आहे.

आपल्याच प्रकल्पाच्या स्नेहल मॅडमनी फोनमध्ये ॲप घालून दिलं. पिठाला हात लावायचा, न धुता बसायचं, भीती जितकी वाटली तसल्या ॲपमधल्या चेहऱ्याच्या चित्रावर बोट ठेवायचं. मॅडम ते त्यांच्या फोनवर बघायच्या आणि सकाळी स्वतः बोलायच्या, "नंदू, काल रडलीस ना? मग आज नुसता परातीला हात लाव." पोरीला फरक पडत होता. तेव्हा ॲपच्या नावानं तक्रार नाही. फोनच्या पलीकडं माणूस होतं.

ते माणूस आपण उचलून शिरूरला रिपोर्ट भरायला बसवलं आणि त्याच्या जागी ॲपमध्ये तारे घातले. रोज उघडलं की तारा, एक दिवस चुकला की सगळे तारे गायब. ज्या लेकराचा आजारच 'चुकलं तर आई मरेल' हा आहे, त्याच्या हातात हा खेळ देणाऱ्या डोक्याला अर्जदार लांबूनच हात जोडते. आता राजनंदिनी हात धुते, फोन पुसते, बोट ठेवते. बोट वाकडं पडलं असं वाटलं की परत पहिल्यापासून. जेवणाआधी, शाळेआधी, लघवीला जायच्या आधीसुद्धा.

आपल्या कार्यालयानं रिपोर्टात काय बघितलं? ॲप तालुक्यात सगळ्यात जास्त हीच वापरते, म्हणजे सगळ्यात बरी हीच! औषधाची बाटली सारखी तोंडाला लावणारा पेशंट सगळ्यात ठणठणीत, असा हा शोध. लगेच शाल, श्रीफळ, फ्लेक्स. फ्लेक्सवर आपला फोटो ट्रॅक्टरच्या चाकाएवढा, पोरीचा बिस्किटाएवढा, खाली 'मंत्रचळावर मात, तालुक्यात प्रथम'. आजार अख्ख्या हायवेला वाचून दाखवलात. अर्जदार ऑफिसात आली तर म्हणालात, "ताई, लोक पोरगं नंबरात आलं नाही म्हणून रडतात, तुम्ही आलं म्हणून रडताय!" शाल पांघरायला आपल्या ऑफिसात खांदे भरपूर आहेत, तिथंच घालून घ्या.

तरी सत्कार रद्द करावा, तारे काढावेत, स्नेहल मॅडमना परत पोरीशी बोलू द्यावं. फ्लेक्स उतरला नाही तर अर्जदार विळा घेऊन स्वतः उतरवेल. ही पूर्वसूचना समजावी.

काल अर्जदारानं स्नेहल मॅडमना शिरूरला फोन लावला. हातातलं काम टाकून मॅडम स्पीकरवरून पोरीला म्हणाल्या, "आज तारा जाऊ दे. आपण बघू तरी, आई कुठं जाते." राजनंदिनी फोनला शिवली नाही. रडली, मग परातीजवळ येऊन बसली आणि अर्जदाराच्या पिठाच्या हातातून भाकरीचा तुकडा तोडून खाल्ला. आई जागेवरच होती.

तेवढ्यात आपल्या कार्यालयाचा फोन. "तुमची मुलगी पहिल्या नंबरवरून घसरली. ॲप लगेच उघडायला सांगा."

तो नंबर ज्याला पाहिजे त्याला द्यावा.

नम्र लिहायची पद्धत आहे म्हणून नम्र,
(सही)
शितल मच्छिंद्र आखाडे
कासुर्डी, दि. २२ जानेवारी २०२५

सोबत : फ्लेक्सचा फोटो. पोरीचं तोंड अर्जदारानं पेनानं खोडलं आहे. आपलं तसंच ठेवलंय.