नारळ घेऊन परतलेली गाडी

आबा, तुमची गाडी जोतिबाच्या डोंगरावर गेली. टोचन लावून नाही, ट्रकवर घालून नाही, स्वतःच्या चाकांवर, शेजारी आई आणि स्टेअरिंगवर मी. ही बातमी सगळ्या गल्लीला सांगून झाली आहे. दुधवाल्याला तर दोनदा सांगितली, तो बिचारा दुसऱ्यांदाही “व्हय काय?” म्हणाला. राहिलात ते तुम्हीच, आणि तुम्हालाच आधी सांगायला हवी होती.

घाटातला तो दिवस तुम्ही विसरला नसाल, कारण घरात कुणी त्याचं नाव काढलं की तुम्ही चप्पल घालून बाहेर पडायचात. गाडीचा मूळ चार गिअरचा गिअरबॉक्स खिळखिळा झाला होता आणि त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. इंजिन मात्र ठणठणीत. मग तुम्ही ठरवलंत, इंजिन तेच ठेवायचं आणि त्याच्या मागं भलत्याच कंपनीच्या जीपचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा. दोघांच्या तोंडांची भोकं जुळत नव्हती, म्हणून मधे एक जाड लोखंडी प्लेट घालायची. तुम्ही तरातरा स्वयंपाकघरात आलात, आईच्या नव्या साडीच्या खोक्याचं झाकण उचललंत, गिअरबॉक्सच्या तोंडावर धरलंत आणि कडेकडेनं हातोडीचे हलके ठोके द्यायला लागलात. पॅकिंग कापायची आपल्या उद्यमनगरातली हीच रीत. पुठ्ठा ठोकला की खालच्या कडांचा आणि भोकांचा ठसा त्यावर जसाच्या तसा उमटतो. आई ओरडली, “ग्रीसचं हात घिऊन कशाला शिवताय त्याला? साडी कशात ठिवू आता?” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “अगं, पुठ्ठा खोटं बोलत न्हाय.” खोक्याचा तळ तुम्ही इंजिनावर ठोकलात, दोन्ही पुठ्ठे एकमेकांवर ठेवलेत आणि त्यांच्यावरून प्लेट कापलीत.

तुमचा नियम होता, की दुरुस्त झालेली गाडी जोतिबाचा घाट चढून आल्याशिवाय पार्टीच्या ताब्यात द्यायची नाही. ही तर घरची गाडी. आई नारळ मांडीवर घेऊन पुढं बसली होती, मागं मी आणि आपल्या लेथवरचे काका. पायथ्यापासूनच गिअरबॉक्स कण्हत होता. काका म्हणाले, “मालक, आवाज येतोय की.” तुम्ही म्हणालात, “नवीन हाय, बसंल.” बसला तो वळणावरच. आधी किंकाळी, मग कडकड, मग जळक्या तेलाचा वास, आणि गाडी जागच्या जागी. ऊस घेऊन आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं टोचन लावून आपल्याला खाली आणलं. तुमच्या हातच्या गाड्या घेऊन फिरणारी माणसं रस्त्यात थांबून बघत होती. आई न फोडलेला नारळ तसाच घेऊन घरी आली आणि म्हणाली, “आता वर जाईन ती ह्याच गाडीतनं.” तुम्ही गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ढकललीत आणि परत तिला हात लावला नाहीत. तुम्ही गेल्यावरही आई डोंगरावर गेली नाही. एसटी होती, माझी स्कूटर होती, शेजारणी दर रविवारी बोलवायच्या. ही आपली दारातून डोंगराकडं बघून हात जोडायची.

तुमचा कारखाना आता मी चालवते. यंदा नवं मशीन घेतलं आणि ते ठेवायला शेडशिवाय जागा नव्हती. जयसिंगपूरचा भंगारवाला क्रेन घेऊन यायचं ठरलं. आईनं ऐकलं आणि ताट बाजूला सारलं. “क्रेननं न्यायला ती काय मढं हाय व्हय?” एवढंच म्हणाली. तिचे गुडघे आता पायऱ्यांना कुरकुर करतात. हिला वर न्यायची तर आत्ताच, नाहीतर राहिलंच, हे मला त्या ताटाकडं बघताना कळलं. मशीन येईपर्यंत गाडी घाट चढली तर चढली, नाहीतर खुशाल ने, असं मी भंगारवाल्याला सांगून टाकलं. काका स्टुलावर बसल्या बसल्या हसले. “तुझ्या बापाला जमलं न्हाय, आन् तुला जमतंय व्हय?” मला असा राग आला की त्याच दुपारी मी गिअरबॉक्स खाली उतरवला.

मी पहिली नोकरी धरली तेव्हा तुम्ही मला डायल गेज दिलं होतंत, आठवतं? लाकडी डबीतलं, केसाएवढा फरकसुद्धा काट्यावर दाखवणारं. “त्यातलं मला काय कळत न्हाय, तू बघ,” म्हणाला होतात. तेच काढलं. त्याचं स्टँड इंजिनाच्या मागच्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर चिकटवलं, टोक तुमच्या प्लेटच्या मधल्या गोल भोकाला टेकवलं आणि इंजिन हातानं फिरवलं. काटा असा पळाला की मी परत एकदा फिरवून बघितलं. तुमचा पुठ्ठा खोटं बोलला नव्हता आबा, पण त्याला विचारायचं ते विचारलंच नव्हतं. कडा कुठं आहेत ते त्यानं बरोबर सांगितलं होतं. इंजिनाचा दांडा आणि गिअरबॉक्सचा दांडा एकाच रेषेत फिरतात का, हे पुठ्ठ्याला कुठून माहीत असणार? ते फिरत नव्हते. जात्याची खीळ मधोमध नसेल तर वरचा दगड जसा घासतो, तसं गिअरबॉक्सचं बिचारं बेअरिंग घासत घासत मेलं होतं. इतकी वर्षं घरात ज्याचं नाव निघत नव्हतं ते एवढंसं होतं. मला तुमची कीव आली, आणि खरं सांगते, आनंदानं उड्या माराव्याशा वाटल्या.

नवी प्लेट कापली, पण पक्क्या पिनांची भोकं आधी पाडली नाहीत. आधी मध्य धरला. प्लेट सैल लावून, डायल फिरवून, काटा पळेल तिकडून लाकडी हातोडीनं टिचकी मारायची, परत फिरवायचं. काका “आता ऱ्हाऊ दे की” म्हणून कंटाळले, मग स्टुलावरून उठले आणि स्वतःच इंजिन फिरवायला लागले. शेवटी काटा झोपला. अख्खा फेरा झाला तरी हलेना. काका डोळे बारीक करून म्हणाले, “बिघाडलं वाटतं तुझं घड्याळ.” तिथंच भोकं पाडून पिना ठोकल्या आणि प्लेट पक्की केली. क्लच प्लेटचा बाहेरचा घेर आपल्या इंजिनाचा आणि मधले दाते जीपचे, अशी जोडून घेतली, गिअरबॉक्सला नवं बेअरिंग घातलं आणि तो परत चढवला. इंजिन चालू करून क्लच सोडला तर नुसती घुरघुर, मांजर झोपल्यावर करतं तेवढीच.

रविवारी निघालो. आई नवा नारळ घेऊन पुढं, काका मागं. पायथ्याला तिघांचेही कान गिअरबॉक्सकडं. दुसरा, तिसरा, वळण, परत दुसरा. गाडी अशी चढत होती की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. ते वळण आलं तेव्हा आईनं नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला. वळण गेलं. तिनं मागं वळून बघितलं आणि ती खिडकीतून डोकं काढून एवढ्या जोरात “चांगभलं!” ओरडली, की समोरून येणारा टेंपोवाला दचकला. काका रुमालानं चष्मा पुसत होते आणि धुळीला नावं ठेवत होते.

वर वाहनतळावर एका जीपवाल्यानं कान टवकारले. “पावणं, इंजिन जुनं दिसतंय, आन् गिअर पाच? कुणी बसिवला ह्यो?” त्यानं विचारलं काकांना. तुमच्या वेळी मी केलेली कामं न्यायला आलेल्या पार्ट्या तुम्हाला हेच विचारायच्या आणि तुम्ही दरवेळी म्हणायचात, “मीच की.” मी भांडले की समजूत घालायचात, “पोरीनं केलंय म्हटलं तर काम परत येईल व्हय?” काकांनी माझ्याकडं बघितलं. आईनंही बघितलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. अख्खा घाट चढताना मी मनात घोकत आले होते, की कुणी विचारलं तर तुमचं नाव घ्यायचं. आबांनी सुरू केलं होतं, म्हणायचं. खरंही होतं ते. पण त्यानं विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, “मी बसवला.” मग त्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून परत एकदा म्हणाले.