उमाकांत नावाचा माणूस

मोरबी, १४ डिसेंबर

ताईले विक्कीचा सप्रेम जयभीम.

पुन्हा माझ्यावरच आली ना! मी फोन काटतो, मी उत्तर देत नाही, मी असा, मी तसा. तुझा फोन बिघडला, स्पीकरवरच आवाज येते, अन् तू बाबाच्या खाटेजवळ उभी राहून मले विचारतेस. सारा वॉर्ड ऐकते. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवून राह्यलो. सुरभीले सांग, मामाचं अक्षर पाहून हसू नको, आठवीतच शाळा सुटली त्याची.

तू म्हणतेस बाबाच्या हृदयात जाळी टाकाची आहे अन् योजनेची मंजुरी अडली. काहून अडली? आयुष्मान कार्ड कायले असते मंग? पाच लाखापर्यंत फुकट म्हणून गावात भोंगा लावून गाडी फिरली, तेव्हाच म्हटलं होतं, बाबाचं कार्ड काढून घे. तुले घाटंजीच्या बाजारात बांगड्या पाहाले वेळ असते, कार्डाले नसते. नाव जुळत नाही म्हणे! ते आधारवाले काहीही टाइप करतात. त्यायले धरा.

मी मुकादमाशी बोललो. पन्नास हजार उचल देतो म्हणते. वर्षभर मंग या टाइलच्या भट्टीवरून हलता येणार नाही. पण हलून तरी काय करतो? भिवंडी झाली, हैदराबाद झालं, पायाले भिंगरी आहे म्हणून तूच हसतेस. तुम्ही योजनेच्या मागं लागू नका. पैसे भरा अन् मोकळे व्हा.

बाबाले विचारलं म्हणून सांग. रागावली तरी माया पातळ करू नको.

तुझा भाऊ,
विक्की


यवतमाळ, १५ डिसेंबर

चि. विक्कीस ताईचे आशीर्वाद.

सुरभी हसलीच. ‘हृदय’ असं गिचमिड कोणी लिहिते काय म्हणे, याच्यावरच पहिले जाळी टाका.

बांगड्यायचं मंग पाहू. कार्डासाठी मी तीनदा गेलती, तिन्ही बार नाव जुळत नाही म्हणून वापस आली. आता इथं दवाखान्यात योजनेचं काम पाहणारी पोरगी आहे, वैष्णवी. आरोग्यमित्र म्हणतात तिले. तिनं सारे कागद पुढ्यात मांडून दाखवले. रेशनकार्डावर उकंडा, मतदान कार्डावर उकंडा, अन् आधारावर उमाकांत. योजनेच्या लेखी हे दोन माणसं आहेत. हा उमाकांत कोण म्हणून तिनं विचारलं, त बाबा म्हणाले, आमच्या घरात या नावाचं कोणी जन्मलंच नाही.

मंग तिले समजावत बसले. पहिले तीन लेकरं गेले म्हणून आजीनं त्यायले उकंड्यावर लोळवलं होतं. शेणकचऱ्यातलं पोर पाहून मरण नाक मुरडून वापस जाईल, म्हणून ते नाव. साठ वर्ष पुरलं. आता म्हणतात, आधारवाल्यापुढं माझीच जीभ अडखळली असन, दुसऱ्या कोणाचा दोष नाही. शेजारच्या खाटेवरच्या देवसिंगभाऊले, नर्सबाईले, झाडूवालीले, साऱ्यायले हेच सांगून राह्यले. माफी मागितल्यासारखं. मले ऐकवत नाही रे.

पैसे पाठवू नको. उचल त अजिबात घेऊ नको. मंजुरी आली की जाळी, औषध, जेवण, घरी जायचं भाडंसुद्धा योजनेतूनच होते, असं वैष्णवी म्हणते. गरिबानं मुकादमाले वर्षभर विकलं जाऊ नये, याच्यासाठीच आहे ना विक्या ते? डॉक्टर म्हणतात, गोळ्यायवर पंधरा दिवस काढू. त्याच्या पुढं नाही.

मले एकच लिही. बाबाले आधारच्या केंद्रावर शेवटी कोण घेऊन गेलतं?

जेवत जा. आठवण ठेव.

तुझी ताई,
सत्यशीला


मोरबी, १६ डिसेंबर

ताई, जयभीम. आशीर्वाद मागायची आज लायकी नाही.

मीच नेलतं.

चार वर्षांआधी माझी सोयरीक चालू होती, आठवते? पोरीच्या मामानं बायोडाटा वाचला, बाबाच्या नावापाशी थांबला अन् हसला. शाळेत हजेरीत बाबाचं नाव आलं की पोरं नाक धरत, तसाच हसला. दुसऱ्या दिवशी मी बाबाले म्हटलं, मोबाइल नंबर जोडाचा आहे, चला. एका ओळखीच्यानं उमाकांत नावाचा दाखला जमवून देला होता. बाबानं काही विचारलं नाही. जिथं म्हटलं तिथं अंगठा ठेवला. वापस येतानी मले उसाचा रस पाजला, स्वतः नाही पेले. अन् रसवंतीवाल्याले सांगत होते, पोराले कागदातलं सारं समजते.

सोयरीक त झालीच नाही. उमाकांत मात्र राह्यला. माझ्या कारखान्याच्या गेटपासवरही बापाच्या नावाजागी तोच आहे, रोज सकाळी गळ्यात घालतो.

परवा आधारवाल्यायवर चिडलो, तेव्हाही मले माहीत होतं. पन्नास हजार त्याच्यासाठीच देत होतो, ताई. पैसे भरले असते त नाव कोणी विचारलं नसतं.

आधारवरचं नाव दोनदाच बदलता येते, तेव्हाच सांगितलं होतं केंद्रावर. एक खेप मी वाया घालवली. उरली ते बाबाची. मतदान कार्ड घेऊन उद्याच त्यायले ऑटोनं ने, पायी नको. अन् अंगठा ठेवायच्या आधी हे पत्र त्यायले वाचून दाखव. मोठ्यानं वाच, वॉर्डानं ऐकलं तरी चालन. जीभ त्यायची अडखळली नव्हती, एवढं देवसिंगभाऊलेही कळू दे.

त्यायनं मंग फोन केला त मी काटणार नाही. नाही केला तरी तुझी माया माझ्यावर राहू दे.

तुझा,
विक्की उकंडा मुनेश्वर

ता. क. मुकादमाले नाही म्हणून सांगितलं. जाळीचं योजना भरते. नाव दुरुस्तीची फी त्यात येत नाही, ते माझ्याकडं. सुरभीच्या फोनवर टाकले, पंचाहत्तर रुपये.