क्रिओसोटचा वास

जळगाव, १२ जानेवारी २०२५

प्रिय बुद्धभूषण,

वर्षभर लिहिलं नाही, माफ कर.

तरुणपणी आपल्या आजोबांना, आबांना क्षय झाला, तेव्हा डॉक्टर दुधातून क्रिओसोट द्यायचे. जंतू मारणारं, डांबरासारख्या वासाचं औषध. आबा सांगायचे, "वास उना, अनि बठ्ठा उठी गयात." वास येताच उठून जाणारी ती सगळी आपल्याच वस्तीतली माणसं होती. शेवटी लाजेनं त्यांनी औषध ओतून दिलं. वाचले ते नशिबानं.

गेल्या वर्षी तुलाही क्षय झाला, पण तुझ्या गोळ्यांना कसलाच वास नव्हता. उपचारासाठी तू माझ्याकडे राहिलास. आता तुझ्यापासून धोका नाही, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. तरी तुझा कप मी वेगळा, खिडकीत ठेवला. गावच्या हॉटेलात आबांचा कप जातीमुळे असाच बाहेर असायचा.

कप विसळताना तू हसून म्हणालास, "हाऊ कप आबाना शे, अक्का." दुसऱ्या दिवशी तू शिंदखेड्याला निघून गेलास.

डायरीत मी 'काळजी घेतली' असं लिहिलं होतं. आज ते खोडलं. मला तुझी किळस आली होती.

कप अजून खिडकीतच आहे. घरात दुसरं कुणी त्यात चहा पीत नाही.

तुझी अक्का,
प्रज्ञा

उद्या: शिंदखेड्याला तुझ्या घरी जाऊन, तू पितोस त्याच कपात चहा मागणे.