गैरहजर, पण पटावर

३ मार्च, सोमवार

मिळालं! छप्पन्नाव्या वर्षी, पण मिळालं!

दुपारी इडवल प्यू माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. शाळा समितीच्या अध्यक्षांनी दार लावलं की समजावं बॉयलर फुटला. तर म्हणाले, "ग्वेनलियन, समितीचं एकमत आहे. सप्टेंबरपासून शाळा तुमची. उपमुख्याध्यापिका पुरे झालं." मी त्यांना खुर्चीच द्यायला विसरले. "उत्तर एकवीस तारखेपर्यंत. कागदावर. ईमेल मी उघडत नाही."

टेकने घरात शिरल्या शिरल्या विचारलं, "हेडबाईंच्या नवऱ्याला चहा स्वतःच करावा लागतो का?" मी म्हटलं, आतासुद्धा कोण करतं रे? मॅमने विणकामातून मान वर केली. "गेल्या वेळेसारखं करू नकोस म्हणजे झालं." पुन्हा मान खाली. एवढंच! माझ्या आईचं अभिनंदन हे असं.

गेल्या वेळी म्हणजे २०२२. तेव्हाही मला विचारलं होतं. त्याच ईस्टरला मॅम पायरीवरून पडली, खुबा मोडला, मागोमाग न्यूमोनिया. डॉक्टरांनी तर हात टेकले होते. मी हेडची जागा नाकारली आणि वर वर्षभर बिनपगारी रजा घेतली, या ईस्टरपासून त्या ईस्टरपर्यंत. मॅम वाचली. त्या जागेबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

४ मार्च, मंगळवार

पॅनकेकचा दिवस. टेकने सतरा केले, त्यातले चार उलटताना छताला चिकटवले.

डेलिथने मिठाचा खडा टाकलाच. ती शाळेचं ऑफिस वीस वर्षं सांभाळते, म्हणजे खरं तर शाळाच सांभाळते. गळ्यात पडून रडून झाल्यावर म्हणाली, "पेन्शनचा कर बघितलास का गं? पलीकडच्या खोऱ्यातल्या हेडना पगार वाढला त्या वर्षी नऊ हजारांची चिठ्ठी आली. बिचारे स्टाफरूममध्ये बसून बिस्किटांचा अख्खा डबा संपवून गेले."

मला ठाऊकच नव्हतं! सरकारचं म्हणणं असं : शिक्षकाची पेन्शन वर्षाकाठी किती वाढली ते बघा, त्याला सोळाने गुणा, आणि उत्तर साठ हजार पौंडांच्या वर गेलं तर वरच्या रकमेवर कर भरा. हातात दमडी आलेली नसते. पेन्शन मिळायला अजून दहा वर्षं. पण कर आत्ता! आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर पगार एकदम वीस हजारांनी वाढला की सगळ्या जुन्या वर्षांची पेन्शनही एकदम उडी मारते.

काळजी नाही. मी गणिताची बाई आहे.

६ मार्च, गुरुवार

गणिताच्या बाईला गणित येत नाही.

तीन तास, अकरा कागद. जेवणाचं टेबल भरलं म्हणून आम्ही सूप मांडीवर घेऊन प्यायलो. मॅम शेजारी बसून विणत होती. "सोळानेच का गुणायचं?" कोणाला ठाऊक! "पंधराने गुणून बघ, कमी येईल." बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी मुलं मी कोपऱ्यात उभी केली आहेत.

आणि शेवटी कळलं, मुळातच घोटाळा. मी सगळी वर्षं सप्टेंबरपासून धरली होती! पाचव्या वर्षी शाळेत गेले तेव्हापासून माझं वर्ष सप्टेंबरलाच सुरू होतं. सरकारचं होतं सहा एप्रिलला. सहाच का? तेही कोणाला ठाऊक नाही. अकरा कागद चुलीत. पोरांच्या वहीत लाल शाईने लिहिते ना मी, 'रीत चुकली, पुन्हा करा'? घे आता.

८ मार्च, शनिवार

टीव्हीवरच्या रग्बीत आपण पुन्हा हरलो. त्याचं आता टेकलाही काही वाटत नाही. हाफटाइमलाच वाफे खणायला गेला.

९ मार्च, रविवार

उत्तर आलं. दोनदा ताळा केला.

पेन्शनची वाढ गुणिले सोळा : एक लाख एकोणसाठ हजार. साठ हजारांची सूट वजा. उरले नव्व्याण्णव. मागच्या तीन वर्षांत जी सूट वापरली नाही ती पुढे ओढता येते, एवढी तरी सरकारची मेहेरबानी. पण तिन्हीपैकी पहिलं वर्ष माझं रजेचं. त्या वर्षी मी नव्हतेच, छदाम भरला नाही, त्यावर काट मारली. उरलेल्या दोन वर्षांचे चौतीस आणि चौतीस, म्हणजे अडुसष्ट. नव्व्याण्णवातून अडुसष्ट गेले, एकतीस हजार उघड्यावर. त्यावर चाळीस टक्के.

बारा हजार चारशे पौंड.

बँकेत आहेत तेरा हजार. आणि ते आहेत मॅमच्या न्हाणीघराचे! मागची खोली फोडून खालीच न्हाणीघर करायचं. प्लंबर ह्यू मोजमाप घेऊन गेलाय, ईस्टरनंतर येतो म्हणाला. सध्या मॅम चौदा पायऱ्या चढते, रोज. मी मागे हात पसरून उभी आणि टेक वर देवाचं नाव घेत. मॅम अठ्ठावीस पायऱ्यांएवढी दमते.

"कर पेन्शनमधूनच कापून घ्या म्हणता येतं की," टेक. येतं. मग पेन्शन जन्मभर लंगडी. ती तर आम्हा दोघांची म्हातारपणची काठी.

आम्ही हे सगळं हळू आवाजात बोललो. मॅमला ऐकायला कमी येतं. म्हणजे तिला हवं तेव्हा.

११ मार्च, मंगळवार

विचार केला. पुन्हा केला. आज नववीला त्रिकोणमिती शिकवताना फळ्यावर १२,४०० लिहून ठेवलं. एकानेही विचारलं नाही, हे काय म्हणून!

१२ मार्च, बुधवार

नाही म्हणायचं ठरवलं.

इडवलना पत्र लिहिलं. चार ओळी. 'घरगुती कारणांमुळे.' २०२२ लाही हेच शब्द वापरले होते, जुनी प्रतच काढून उतरवली. पाकिटाला तिकीट लावलं आणि मॅमकडे दिलं. टपालपेटीपर्यंत वॉकर घेऊन जायचं आणि परत यायचं हा तिचा व्यायाम. फिजिओने नेमून दिलेला, आणि ती तो चुकवत नाही, कारण वाटेत शेजारच्या दोन बायका भेटतात.

"काय आहे यात?" "शाळेचं काहीतरी, मॅम." माझ्याकडे बघितलं. "बरं." वॉकरच्या पिशवीत घातलं आणि निघाली.

मी डबे घासले. मला रडू आलं, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही. मला ती शाळा हवी होती. फार हवी होती.

१४ मार्च, शुक्रवार

इडवल दोन दिवस नजरेला पडले नाहीत. पत्र मिळालं असणार. बोलायला अवघड वाटत असेल त्यांना.

मॅम भलतीच खुशीत. एकदा तिला गुणगुणताना पकडलं. चॅपलमधलं भजन, तेही वरच्या पट्टीत.

१७ मार्च, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहिते. रीत दाखवून.

डेलिथ दर सोमवारी आठवड्याचा हजेरीपट माझ्यासमोर धरते आणि मी सही करते. आज वर्गवार वाचत होती. "आठवी ब, पटावर एकतीस." मी मोजले. "तीस आहेत." "एकतीस. कॅरिस धर." कॅरिस जानेवारीपासून कार्डिफच्या इस्पितळात आहे. मी म्हटलं, "अगं, ती एक दिवस तरी आलीय का?"

डेलिथने चष्म्यावरून बघितलं. "ग्वेन, मीच तुला शिकवायचं का? गैरहजर आहे. नाव कुठे कमी केलंय? नाव आहे तोवर पोर पटावर."

माझा हात तसाच राहिला.

माझं नाव! रजेच्या वर्षी माझं नाव पेन्शन योजनेतून कुणी काढलं होतं? मी पैसे भरले नाहीत, शाळेत आले नाही. पण पटावर होते की! मी स्वतःला गैरहजर पाहिलं आणि सरळ नावावर काट मारली. बत्तीस वर्षांत एका पोराचं नाव असं खोडलं नाही मी!

"काय झालं गं? पांढरी पडलीस." मी तिचा मुका घेतला. आठवी ब वर शाई सांडली.

१८ मार्च, मंगळवार

मधल्या सुट्टीत पेन्शनच्या हेल्पलाइनला फोन. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगा, आवाजात सर्दी. "त्या वर्षी तुम्ही योजनेच्या सभासद होता का? पैसे भरले नाहीत तरी चालेल." होते. "मग ते वर्ष धरायचं. त्या वर्षीची पूर्ण सूट शिल्लक दिसतेय. तेव्हा सूट चाळीसच हजारांची होती." पुन्हा सांगा म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं. भला मुलगा.

चाळीस! उघड्यावर होते एकतीस. वर नऊ शिल्लक. कर शून्य. शून्य!!

टेकने मला स्वयंपाकघरात गोल फिरवलं, त्यात साखरेची बरणी गेली. मॅमला समजावून सांगितलं, मोठ्याने. तिने सुया खाली ठेवल्या. "म्हणजे माझा खुबा मोडला म्हणून तुझा कर वाचला?" हो मॅम, तसंच म्हण. "आणि मी तीन वर्षं जिवाला लावून घेते आहे, की पोरीचं वर्ष मी फुकट घालवलं." डोळे पुसले. मग लगेच, "निम्मे माझे."

मग एकदम आठवलं. पत्र! सहा दिवस झाले!

"मॅम, ते पत्र टाकलंस ना?" "पोस्टाचा काय भरवसा हल्ली," मॅम म्हणाली आणि सुया उचलल्या.

१९ मार्च, बुधवार

सात वाजता इडवलच्या दारात. ते ड्रेसिंग गाऊनमध्ये, हातात टोस्ट. मी धापा टाकत, "माझं पत्र... ते वाचू नका! वाचलं असेल तर विसरा!"

"कसलं पत्र?"

आलंच नव्हतं! एकाच गावात, सात दिवसांत अर्धा मैल! इडवलनी पोस्ट खात्याला अशा शिव्या घातल्या की चॅपलच्या वडीलधाऱ्याला शोभू नयेत. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा पोस्टाचे आभार मानले. तिथेच दारात, त्यांच्याच कागदावर, टोस्टचा चुरा झटकत 'होकार' लिहून दिला.

हेडबाई! आज माझाही चहा टेकने केला. फिका होता. सगळा प्यायले.

२२ मार्च, शनिवार

न्हाणीघराची तारीख पक्की करायला ह्यूला फोन केला. तो गोंधळला. "तुमच्या आईंनीच तर नको सांगितलं. तेरा तारखेला. म्हणाल्या, पैसे दुसरीकडे लागतायत, मी चढते पायऱ्या."

तेरा तारीख. हजेरीपटाच्या चार दिवस आधी.

मॅम दुपारची झोपली होती. वॉकरच्या पिशवीत हात घातला. पेपरमिंटच्या पुडीखाली माझं पाकीट, तिकीट जसंच्या तसं. मागे पेन्सिलने, तिच्या थरथरत्या अक्षरात :

या वेळी नाही.