काचेतला चाकू

अहो,

शोकेस उघडी दिसली म्हणून चोर आला असं समजून गल्ली गोळा करू नका. आपल्या वर्षानं पाठवलेला घडीचा चाकू मीच नेलाय. बाकीचे तुमचे सगळे चाकू जागच्या जागी हायत.

लेकीनं तो माझ्या हातासाठी घेतला होता. मोबाईलवर बघून बघून मी गुलाबाची कलमं बांधायला शिकले, तेही भाजीच्या सुरीनं. फांदी चेचायची आणि निम्मी कलमं वाळून जायची, हे तिनं बघितलं होतं. तुम्ही मात्र "पोलाद बघ कसलं हाय, ओरखडा पडला की किंमत गेली" म्हणून काचेत ठेवलात. पावण्यांना कौतुकानं दाखवता, आणि कुणी दिला विचारलं की "असाच मिळाला" म्हणता. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, ते झालं की आता. तिचं नाव घेतल्यानं तुम्हाला कुठं ओरखडा पडतोय?

मी गारगोटीला तिच्याकडं चाललेय. तिच्या परसात गावठी गुलाब माजलाय, त्यावर कलम बांधायचंय. चाकू आता रोज माझ्या पिशवीत राहणार. धार गेली तर दगडावर लावीन.

आमटी गॅसवर हाय, भाकरी दुरडीत. गोळी जेवल्यावर घ्या, आधी न्हाय.

उद्या सांजच्याला जावई मला सोडायला येतील. त्यांना आत बसवून चहा विचारा. दारातनंच परत लावलंत, तर मीबी त्यांच्याच गाडीत बसून माघारी जाणार.

शालन